पहिल्या पानाचा मान

आमच्या घरातल्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. ‘हे आले’, ‘ह्यांना चहा’, ‘ह्यांचं डोकं फिरलंय’, एवढ्यावर त्यांचा जन्म निघाला. मी सर्वेशला पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारते, त्यामुळे माझं ‘हे’ बिनवापराचं पडून होतं. ते मी इंटरनेटवरच्या त्या शोधयंत्राला देऊन टाकलं. नाव सगळ्यांना माहीत आहे, मी घेणार नाही. ह्यांचा स्वभावही तसाच. आज खूश, उद्या रुसलेले, आणि कारण विचारलं तर सांगणार नाहीत.

माझं माहेर फोंडाघाट. घाटाच्या पायथ्याशी मासा टेम्पोतून यायचा, तोही अर्धा जीव उन्हात सोडून. लग्न होऊन मालवणच्या किनाऱ्यावर परबांकडे आले तेव्हा मला बांगडा आणि तारली यांतला फरक कळत नव्हता. सासूबाईंनी न ओरडता सगळं शिकवलं आणि तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. आता घरात मी आणि सासरे. सासऱ्यांना सगळे भिकाजी म्हणतात, मी आबा म्हणते. सर्वेशची नोकरी गोव्यात, बंदरावर, तो पंधरा दिवसांनी घरी येतो.

परसात आमच्या दोन खोल्या आहेत, पाहुण्यांसाठी. त्या भराव्यात म्हणून आठ वर्षांपूर्वी मी एक वेबसाइट काढली, ‘परबांकडे’ नावाची. सुरुवातीला फक्त खोल्यांचे फोटो आणि फोन नंबर होता. मग मला लिहायची चटक लागली. बांगड्याच्या आमटीला तिरफळं किती घालायची, ओहोटीला कालवं काढायला जाताना पायात काय घालायचं, सोलकढी फाटली तर पाहुण्यासमोर चेहरा कसा ठेवायचा. दुपारी आबा आडवे झाले की मी लिहायला बसायची. दोनशेच्या वर लेख झाले. मालवणात घरगुती जेवण आणि राहणं असं कोणी शोधलं की हे आम्हाला पहिल्या पानावर, अगदी वर दाखवायचे. पाहुणे यायचे ते माझी वाक्यं पाठ करून यायचे. एक बाई तर दारातच म्हणाल्या, “आधी त्या फाटलेल्या सोलकढीचा चेहरा करून दाखवा.”

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात ह्यांनी नियम बदलले. कसले नियम, कोणासाठी, काही पत्ता नाही. फोन वाजायचा बंद झाला. मला वाटलं रेंज गेली असेल, म्हणून मी दोन दिवस फोन घेऊन माडाखाली उभी राहिले. मग स्वतःच शोधून पाहिलं. पहिल्या पानावर आम्ही नव्हतो, दुसऱ्यावर नव्हतो. सापडलो ते सहाव्या पानावर. सहाव्या पानावर कोण जातं हो? मी स्वतः आयुष्यात गेले नव्हते. शेजारी कोण, तर एक कधीच बंद पडलेलं लॉज आणि डासांच्या जाळ्यांची जुनी जाहिरात.

आणि पहिल्या पानावर, आमच्या जागी, ‘सफरसाखर’ नावाची कुठलीतरी कंपनी. ‘मालवणात जेवायलाच हवं अशी सदतीस ठिकाणं’. लिहिणारा कौस्तुभ, राहणार पुणे, कोकणच्या खाद्यसंस्कृतीचा अभ्यासक, गॉगल लावलेला फोटो. एकोणतिसाव्या नंबरावर आमचं घर होतं आणि खाली माझी वाक्यं, जशीच्या तशी. एकच शब्द त्याने बदलला होता. मी लिहिलं होतं, ‘तिरफळाशिवाय बांगडा म्हणजे नुसती गरम पाण्याची आंघोळ.’ तिरफळ म्हणजे काटेरी झाडाचं छोटंसं फळ, आमटीत पडलं की जिभेला झिणझिण्या येतात. अभ्यासकांनी ती माझी चूक समजून सुधारली होती. ‘त्रिफळाशिवाय बांगडा’ असं छापलं होतं. त्रिफळा चूर्ण आमच्याकडे आबा झोपताना घेतात, कशासाठी ते सांगायला नको.

मी इतकी भडकले की त्या दिवशी खोबरं वाटताना पाटा हलला.

सर्वेश शांत माणूस आहे, म्हणून मला जास्त राग येतो. तो फोनवर म्हणाला, “अक्षू, ती सफरसाखरवाली माणसा माका फोन करतत. दोनय खोले आमका द्या म्हणतत. पाटी तेंची, बुकिंग तेंचा. तुका निस्ता रांदूचा.”

“आणि माझी साइट?”

“ती बंद करूची लागतली. तेंची तशी अट आसा.” मग म्हणाला, “दिवाळेनंतरच्या जत्रेपर्यंत बघूया. पावणे इले तर बरा. नायतर कागद करून टाकूया. किती दिवस खोले रिकामे ठेवतलंस?”

म्हणजे माझ्याच चुलीपुढे मी दुसऱ्याची स्वयंपाकीण. माझ्या आठ वर्षांच्या दुपारी पुसून टाकायच्या आणि त्याच वाक्यांखाली गॉगलवाल्याचं नाव राहणार. मी पडवीत उभी राहून फोनवर ओरडले, “पयल्या पानावरसून आमका काढल्यानी, सहाव्या पानार नेवन बसवल्यानी, आमच्या जाग्यार कोणतरी पुण्याचो येवन बसलो, आणि तू म्हणतंस तेकाच घर देवया?”

पडवीत आबा सुपारी कातरत बसले होते, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. परब हे आमच्या देवळाचे मानकरी. नवरात्रात समाराधनेचं जेवण असतं, अख्खं गाव पंगतीला बसतं, आणि पहिलं पान वाढतात ते परबांचं. ते पान वाढून झाल्याशिवाय दुसऱ्या पानावर मीठसुद्धा पडत नाही. आबांचे आजोबा त्या पानावर बसले, वडील बसले, आता आबा बसतात. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली आहे, तरी त्या दिवशी बसतात. मग उठवायला दोन माणसं लागतात, तो भाग वेगळा.

फोन ठेवून मी आत गेले, भाताला आधण ठेवलं. अर्ध्या तासाने देवस्थान कमिटीचे अध्यक्ष गंगाराम यांचा फोन. “गो, तू पयली हंय ये आणि भिकाजीक आवर!”

मी चप्पल न घालता धावले. सभामंडपात कमिटीची बैठक चालू होती आणि मधोमध आबा, काळी टोपी घालून, हातात काठी. काठी त्यांना चालायला लागत नाही, बोलायला लागते.

“कोणी काढल्यान आमचा पान? नाव सांग!”

गंगाराम हात जोडून म्हणत होते, “अरे भिकाजी, समाराधना अजून आठ दिवसांनी आसा. पान वाढूकच नाय, तर काढतलो कोण?”

“माझी सून खोटा सांगता? सहाव्या पानार नेवन बसवलास आमका! आणि पयल्या पानार पुण्याचो!”

‘पुण्याचो’ हा शब्द ऐकताच कमिटी एकमेकांकडे बघायला लागली. जो तो दुसऱ्याचा संशय घेऊ लागला. मागून कोणीतरी म्हणालं, “गेल्या वर्षी मोठी घाट दिल्यान, तो तर नाय?” लगेच दुसऱ्याने विचारलं, “घाट घेवक कोणाक इचारलास?” आणि देवळाला घंटा देणाऱ्या पुण्याच्या त्या बिचाऱ्या देणगीदारावरून, ज्याचा यात काही संबंध नव्हता, चांगलं भांडण पेटलं.

मी मध्ये शिरून सगळं समजावून सांगितलं. पान म्हणजे केळीचं पान नव्हे, मोबाइलवरचं पान. तिथे लोक शोधतात, यंत्र याद्या लावतं, वरच्या यादीतल्याकडे पाहुणे जातात. मला वाटलं आता सगळे हसतील आणि आम्ही घरी जाऊ. कोणी हसलं नाही. गंगाराम डोकं खाजवून म्हणाले, “म्हणजे हंय पण पान आणि थंय पण पान. मान गेलो तो गेलोच मा?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. या गावात माणसाची जमीन गेली तर लोक हळहळतात, पण पान गेलं तर सुतक पाळतात.

परत येताना आबा वाटेत थांबले. “त्या पंगतीक वाढता कोण?”

“यंत्र वाढता, आबा.”

“तेका कसा कळता, कोणाचा पान पयला?”

“ता कोणाकच म्हायत नाय.”

“मगे तू थंय बसलंस कित्याक? जंय मान नाय थंय बसाचा नाय. पानावरसून उठ.”

पानावरून उठणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. मानकऱ्याचा अपमान झाला तर तो जेवत नाही, बोलत नाही, सरळ उठतो. तो उठला की पंगत थांबते. वाढपी पळीसकट उभे राहतात. यजमानाने मानकऱ्याच्या घरी जायचं, चूक कबूल करायची, मगच त्या घरचं पाणी प्यायचं. आबांचे आजोबा एका लग्नात असे उठले होते, तर मुलीकडचे तीन दिवस खेपा घालत होते, असं आबा अभिमानाने सांगतात. त्या मुलीचं काय झालं ते सांगत नाहीत.

मी हसून सोडून द्यायला हवं होतं. शिकलेली आहे, बीकॉम झाले आहे. पण डोकं तापलेलं होतं आणि आबांचं बोलणं नेमकं जिव्हारी लागलं. वेबसाइटच्या आतल्या बाजूला, मालकालाच दिसते अशी एक चौकट असते. ‘शोधयंत्रांनी ही साइट दाखवू नये.’ चुकूनही तिला हात लागू नये म्हणून मी आठ वर्षं जपत आले होते. त्या दुपारी मी तिच्यावर बरोबरची खूण केली आणि आबांना म्हटलं, “उठलंय.”

“बरा केलंस,” आबा म्हणाले. “आता येतले ते.”

दहाबारा दिवसांत आम्ही सहाव्या पानावरूनही गेलो. जगात कुठेच उरलो नाही. आणि आबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पडवीत बसायला लागले. समोर एक रिकामी खुर्ची, कारण समजूत काढायला येणारा माणूस जमिनीवर बसेल की नाही कोण जाणे. दहा वाजता विचारायचे, “इलो काय कोण?” चार वाजता विचारायचे, “फोन तरी इलो?”

“आबा, ती कंपनी परदेशात आसा.”

“मगे? विमाना बंद आसत?”

शेजारची शेवंतीकाकू कुंपणावरून रोज चौकशी करायची, “परदेशातले इले काय गो?” आणि पदरात तोंड घालून हसायची.

माझा राग आठ दिवसांत उतरला आणि भीती चढायला लागली. मी जुन्या पाहुण्यांना एकेकाला पत्रं लिहिली, मेलवर, पण पत्रासारखीच. तुमची मुलगी आता दहावीत असेल, तुम्ही विसरलेली छत्री अजून आमच्याकडे आहे, असं. पाचसहाजणांची उत्तरं आली. ठाण्याचं एक कुटुंब छत्री न्यायला म्हणून आलं आणि दोन दिवस राहिलं. त्यांना वाढताना मला इतका आनंद झाला की मी मासा दुप्पट तळला. पण एक छत्री किती दिवस पुरणार?

सर्वेशला चौकटीचं कळलं तेव्हा त्याने लगेच फोन केला.

“तू आबांचा आयकलंस?”

“हो.”

“अक्षू, आबा मोबाइल उलटो धरतत.”

 तो रागावला नाही, त्यामुळे मला रडू आलं. “जत्रा झाली की कागद करूया,” एवढंच म्हणाला. खूण काढून टाकायला मला एक क्षण लागला असता. रोज लॅपटॉप उघडायची, चौकटीपर्यंत जायची आणि परत यायची. एकदा उठलेल्याने बोलावणं आल्याशिवाय बसायचं नसतं, हे मला खरोखरच पटायला लागलं होतं. परबांच्या घरात बारा वर्षं राहिल्याचा हा परिणाम, दुसरं काय.

जत्रा चार दिवसांवर आली असताना, सकाळी अकराच्या सुमारास, एक तरुण फाटक उघडून आत आला. पाठीवर बॅग, गळ्यात कॅमेरा, चेहरा उन्हाने भाजलेला. मी आत मसाला भाजत होते, मला नुसते आवाज ऐकू आले.

“परबांचं घर हेच ना? मी कंपनीकडून आलोय.”

 मग आबांचा आवाज, असा आवाज मी सासूबाई गेल्यापासून ऐकला नव्हता. “गो! इलो! कंपनीचो इलो! पाणी हाड!”

मी तांब्या घेऊन बाहेर आले आणि उंबऱ्यातच थांबले. गॉगल कपाळावर चढवलेला होता, तरी ओळखला. कोकणच्या खाद्यसंस्कृतीचा अभ्यासक रिकाम्या खुर्चीत बसला होता. तांब्या त्याच्या डोक्यावर रिकामा करावा असं मला अगदी मनापासून वाटलं.

आबांनी हात आडवा केला. “थांब. पयली चूक कबूल कर, मगे पाणी.”

“कसली चूक, आजोबा?”

“तुका म्हायत आसा.”

आबांना म्हणायचं होतं की सहावं पान. त्या पोराला मात्र खरंच माहीत होतं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे, आणि त्याचे कान लाल झाले.

“ताई, ते एकोणतिसावं ठिकाण. ते मी तुमच्या साइटवरून उचललं. सगळंच उचललं. मी इथे कधी आलोच नव्हतो. सदतीसपैकी एकाही ठिकाणी गेलो नव्हतो. पुण्यात खोलीत बसून लिहिलं. चुकलं माझं. मनापासून माफी मागतो.”

आबांना यात नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं. माणूस आला, चूक कबूल केली, रीत पूर्ण झाली. “बरा. दी गो तेका पाणी.”

 मी मात्र दोन महिने मनातल्या मनात त्याच्याशी भांडायची वाक्यं घोटून ठेवली होती, ती सगळी फुकट गेली.

पाणी पिऊन तो मोकळा झाला. दिवाळीच्या सुमारास ह्यांनी पुन्हा नियम बदलले होते. लिहिणारा कोण, तो स्वतः तिथे जाऊन आलाय का, हे आता जास्त बघतात म्हणे. “नक्की कोणालाच माहीत नाही, ताई. पण आमची यादी पाचव्या पानावर गेली. साहेब म्हणाले, जा आणि सदतीसही ठिकाणी जेवून, फोटो काढून ये. अठ्ठावीस झाली.” त्याने पोटावर हात ठेवला. “तुमची साइट शोधली तर तीही गायब. शेवटी आमच्याच यादीतला पत्ता बघत आलो. ‘फणसाकडून डावीकडे वळा, कुत्रा भुंकला तर रस्ता बरोबर.’ भुंकला.”

“अठ्ठावीस ठिकाणी जेवलात, मग त्रिफळा देऊ?” मी विचारलं. एवढं तरी बोलल्याशिवाय मला राहवेना.

त्याला कळलं नाही. मी आतून मूठभर तिरफळं आणून त्याच्या हातावर ठेवली, एक चावायला लावलं. जीभ बधिर होऊन तो बोबडं बोलायला लागला, “म्हणजे हे खरंच अशतं? मला वाटलं तुमची टायपिंगची चूक आशेल.” आबा इतके हसले की त्यांची टोपी पडली.

पाहुणा तो पाहुणाच. मी त्याला जेवू घातलं, बांगड्याची आमटी, तिरफळं घालून. तो घाम पुसत तीनदा भात घेऊन जेवला. आणि हात धुऊन आल्यावर, चेहरा पाडून, त्याने बॅगेतून कागद काढले.

“हे बोलायला मला बरं वाटत नाही. पण सर्वेशदादांशी साहेबांचं बोलणं झालंय. मी येणारच होतो म्हणून कागद माझ्याकडेच दिले. घर आजोबांच्या नावावर आहे, त्यांची सही हवी.”

सर्वेश तर जत्रा झाल्यावर म्हणाला होता. जत्रा अजून व्हायची होती. आबांनी शांतपणे चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं. सर्वेश त्यांचा एकुलता एक मुलगा, आणि त्यांनी त्याच्या शब्दाबाहेर कधी पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. नको म्हणावं असं वाटत होतं, पण कोणत्या तोंडाने? खूण मीच केली होती.

“वाच,” आबा म्हणाले.

तो वाचू लागला. पाटी कंपनीची. बुकिंग कंपनीचं. पाहुण्यांशी बोलणं कंपनीचं.

“रांदतलो कोण?”

“ताईच.”

“खोले झाडतलो कोण?”

“ताईच.”

“मगे हेच्यात तिचा नाव खंय आसा?”

पोरगा अडखळला. दोन्ही पानं उलटून पाहिली. “तसं नाव नसतं, आजोबा.” आणि मग स्वतःचा बचाव करायला गेला, “पण ताईंच्या स्वतःच्या साइटवर तरी त्यांचं नाव कुठे आहे? दोनशे लेख वाचले मी. अगदी चोरायला म्हणून का होईना, वाचले. लिहिणारी बाई कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझं नाव निदान होतं. यंत्राला काय, कोणालाच कसं कळणार?”

 मला वाटलं, खोटं बोलतोय. मग मनात एकेक लेख आठवत गेले. ‘आमच्या आबांच्या मते’. ‘सासूबाई सांगायच्या’. ‘सर्वेशने आणलेली सुरमई’. ‘परबांकडची पद्धत’. आठ वर्षं. माझं नाव एकदाही नव्हतं. कोणी घालू नको म्हटलं नव्हतं. सुनेने असंच लिहायचं असतं असं मी कुठून धरून चालले होते देव जाणे. मला आधी लाज वाटली, मग स्वतःचा भयंकर राग आला, आणि शेवटी नुसतं वाईट वाटलं.

आबांनी पेनाला टोपण लावलं. कागद नीट घडी करून पोराच्या हातात दिले.

“सर्वेशाक मी सांगतंय. सही नाय.” मग माझ्याकडे वळून, “ह्येना चूक कबूल केल्यान. आता तू बसाक हरकत नाय. हाड ता यंत्र.”

मी लॅपटॉप आणला आणि चौकटीतली खूण काढली. पुढचं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी विचारणारच. आम्ही पहिल्या पानावर परत गेलो नाही. कधी दुसऱ्यावर असतो, कधी तिसऱ्यावर, ह्यांच्या मर्जीप्रमाणे. खोल्या निम्म्या भरतात, त्यातले बरेच पत्रांमुळे येतात. सर्वेश दोन दिवस बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी सुरमई घेऊन आला. सफरसाखरच्या यादीत आता छत्तीस ठिकाणं आहेत.

पण त्या दुपारी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते आणि आबा माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघत होते, जवळचं दिसत नसूनही.

“घाल नाव. सगळ्यांच्या वर.”

मी टाइप केलं.

“काय लिवलंस? वाच.”

“लेखन, अक्षया सर्वेश परब.”

“सर्वेश कित्याक? तेणा एक वळ तरी लिवल्यान?”

“नाय आबा. पण नाव असाच लिवतत.”

“असा कोण लिवता ता लिवंदे. झिलाचा नाव काढ.”

मी त्यांच्या मुलाचं ते तीन अक्षरी नाव पुसलं. मधली जागा मिटली.

“आता वाच.”

मी वाचलं, पण कसंबसं पुटपुटले. आबांनी कानाला हात लावला.

“आयकाक नाय इला. मोठ्यान वाच.”

“अक्षया परब!” मी ओरडले. इतक्या मोठ्याने की खुर्चीतला अभ्यासक दचकला, आणि शेवंतीकाकू हातातला झाडू तसाच घेऊन कुंपणाशी आली.

“काय झाला गो? कोणाक हाक मारतंस?”

“माकाच, काकू,” मी म्हटलं.